वुल्फबाईंचे वारसदार

एखाद्या लेखकाचा प्रभाव पुढील पिढ्यांवर पडला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्या शैलीचे अनुकरण करणाऱ्यांची मालिका आपल्या डोळ्यांपुढे असते. संप्रदाय, शिष्यपरंपरा, लेखनरीतीचे साम्य ही मापे वाङ्मयेतिहासकारांस सोयीची वाटतात, आणि पुष्कळदा ती पुरेशीही ठरतात. परंतु इंग्रज कादंबरीकर्त्री व्हर्जिनिया वुल्फ यांच्या बाबतीत ही मापे घेऊन बसणाऱ्याची निराशाच व्हावयाची. त्यांच्यापासून ज्यांनी भरभरून घेतले त्यांत कादंबरीकार आहेत, तसेच संगीतकार, नृत्यरचनाकार आणि चित्रपटदिग्दर्शिकाही आहेत. शिवाय त्यांचे ऋण उघडपणे वागविणारी एक लेखिका तर त्यांच्याशी चक्क भांडली आहे. वुल्फबाईंनी काही प्रश्न मांडून अर्ध्यावर सोडले, आणि मागून आलेल्यांनी ते आपापल्या माध्यमात पुढे नेले, असे या वारशाचे स्वरूप आम्हांस दिसते. तेच येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

वुल्फबाईंचा जन्म १८८२ साली लंडन येथे झाला. वडील लेस्ली स्टीफन हे ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशाचे पहिले संपादक. आई जूलिया यांचा जन्म कलकत्त्याचा. आईची मावशी जूलिया मार्गारेट कॅमेरॉन याही कलकत्त्यासच जन्मलेल्या, आणि छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेत व्यक्तिचित्रास कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह वुल्फबाईंनी १९२६ साली प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. थोरली बहीण व्हनेसा बेल चित्रकर्ती होती. स्नेही रॉजर फ्राय यांनी १९१० साली लंडनमध्ये भरविलेल्या उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रांच्या प्रदर्शनाने तेथील रसिकांत मोठी खळबळ उडविली होती. १९१७ साली पती लेनर्ड यांजसह त्यांनी एका हातयंत्रावर हॉगर्थ प्रेस सुरू केला आणि खिळे जुळविण्याचे काम स्वतः केले. घरच्याच मुद्रणालयामुळे संपादकाच्या रुचीची चिंता त्यांना राहिली नाही.

अशा वातावरणात घडलेल्या लेखणीपुढे कथानकापेक्षा रचनेचे प्रश्न उभे राहिले, यात नवल नाही. एका स्त्रीचे अवघे आयुष्य जून महिन्यातील एकाच दिवसात मावेल काय, असे ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) विचारते. ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीच्या मधल्या भागात दहा वर्षे ओस पडलेल्या घरावरून निघून जातात, आणि माणसांचे मृत्यू तेथे केवळ कंसातील वाक्यांत येतात. याच कादंबरीतील लिली ब्रिस्को ही चित्रकर्ती, स्त्रियांस चित्रे काढता येत नाहीत व लिहिताही येत नाही असे ऐकवणाऱ्या पुरुषाचे शब्द मनात वागवीत, चित्राच्या दोन बाजू एकमेकींशी कशा जोडाव्यात या एका प्रश्नाशी वर्षानुवर्षे झुंजते. आपल्याकडील समीक्षकांनी या लेखनरीतीस ‘संज्ञाप्रवाह’ असे नाव दिले, आणि ते रूढही झाले. पण त्या नावात मनाच्या वाहण्याची कल्पना येते, तो प्रवाह बांधणारी रचना मात्र येत नाही. अन्य कलांच्या उपासकांनी उचलली ती नेमकी ही रचना.

१९४१ साली वुल्फबाईंनी ऊझ नदीत आत्मघात केला. त्यानंतर काही काळ इंग्रज समीक्षेत त्यांच्याविषयी फारसा आदर उरला नव्हता. ‘स्क्रूटिनी’ त्रैमासिकाच्या मंडळास त्यांचे लेखन सुखवस्तू वर्गाचे नाजूक मनोरंजन वाटे. तथापि प्रभावाचा झरा दूरच्या भूमीत झिरपत होता. कोलंबियातील बारांक्विया येथील एका दैनिकात १९५० साली गाब्रिएल गार्सिया मार्केझ नावाचा एक तरुण सदर लिहू लागला, तो ‘सेप्टिमस’ या टोपणनावाने. महायुद्धाने ज्याचे मन विदीर्ण केले तो ‘मिसेस डॅलोवे’मधील हा सैनिक होय. १९५५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात टोनी मॉरिसन यांनी वुल्फ व फॉकनर यांच्यावर प्रबंधिका सादर केली. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले हे दोघेही लंडनच्या साहित्यवर्तुळापासून शेकडो कोस दूर होते.

१९७२ साली भाचे क्वेंटिन बेल यांनी लिहिलेले चरित्र आले, १९७७ ते १९८४ या काळात दैनंदिनीचे पाच खंड निघाले, आणि या लेखिकेकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले. डॉमिनिक अर्जेंटो यांनी दैनंदिनीतील उताऱ्यांस स्वरसाज चढवून रचलेल्या गीतमालेस १९७५ चे पुलित्झर पारितोषिक लाभले. १९९२ साली सॅली पॉटर यांनी ‘ऑर्लँडो’वर चित्रपट केला. मूळ कादंबरी प्रकाशनाच्याच दिवशी, म्हणजे ११ ऑक्टोबर १९२८ रोजी, संपते. पॉटर यांनी कथा आपल्या काळापर्यंत आणली. कादंबरीतील ऑर्लँडोस पुत्र होतो. चित्रपटात कन्या होते, आणि वडिलोपार्जित वाडा हातचा जातो. ज्या व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांच्यावरून वुल्फबाईंनी ही कादंबरी रचली, त्यांनाही केवळ स्त्री म्हणून पित्याचा वाडा मिळाला नव्हता. कादंबरीने सखीला जे कल्पनेत परत केले ते चित्रपटाने पुन्हा हिरावून घेतले, आणि इतिहासाशी इमान राखले. मूळ कृतीत बदल करूनही तिच्याशी एकनिष्ठ राहता येते, याचे हे उत्तम उदाहरण आम्ही मानतो.

मायकेल कनिंगहॅम यांच्या ‘द अवर्स’ (१९९८) या कादंबरीचे नाव म्हणजे ‘मिसेस डॅलोवे’चे लेखनकाळातील नाव. एका दिवसाची मूळ चौकट त्यांनी तीन काळांतील तीन स्त्रियांस दिली. तीवरून २००२ साली चित्रपट व २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रंगमंदिरात संगीतिका झाली. लंडनच्या रॉयल बॅलेसाठी वेन मॅकग्रेगर यांनी २०१५ साली रचलेल्या ‘वुल्फ वर्क्स’ या त्रिभागी नृत्यनाट्यात डॅलोवेबाईंप्रमाणेच पन्नाशी ओलांडलेल्या अलेस्सांद्रा फेरी आपल्याच तरुण रूपासमवेत नाचल्या. गद्यात जी भूतकाळाची सरमिसळ वाक्याच्या वळणांनी साधली होती, ती येथे दोन देहांच्या सान्निध्याने साधली.

परंतु या गौरवात एक धोकाही आम्हांस जाणवतो. ‘द अवर्स’चा आरंभ नदीतील मृत्यूने होतो, आणि ‘वुल्फ वर्क्स’चा अखेरचा भाग मृत्यूपूर्वीच्या पत्राच्या वाचनाने उघडतो. ज्या स्त्रीने नऊ कादंबऱ्या, शेकडो निबंध व परीक्षणे लिहिली, खिळे जुळविले, पुस्तकांची पार्सले बांधली, ती लोकस्मृतीत खिशात दगड भरून पाण्यात उतरणारी एक विषण्ण आकृती होऊन राहावी, हे न्याय्य नव्हे. प्रतिभावंताच्या शोकान्त मृत्यूची कथा त्याच्या कृतींपेक्षा लौकर पसरते. आणि त्याच्या कृतींवर प्रेम करणारेच पुष्कळदा ती पसरवितात.

हा झाला रचनेचा वारसा. दुसरा वारसा विचाराचा. त्यासाठी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) या पुस्तकाकडे वळले पाहिजे. केंब्रिजच्या दोन स्त्री-महाविद्यालयांत १९२८ च्या ऑक्टोबरात दिलेल्या व्याख्यानांतून ते सिद्ध झाले. शेक्सपिअरला त्याच्याइतकीच प्रतिभावान बहीण असती तर तिचे काय झाले असते, हा त्यातील प्रश्न आज सर्वतोमुखी आहे. लेखिकेस स्वतःचा पैसा व स्वतःची खोली हवी. आणि लिहिणाऱ्या स्त्रिया आपल्या मातांच्या परंपरेतूनच मागे वळून विचार करतात, हा त्याचा सारांश. अमेरिकेतील जूडी शिकागो यांनी १९७४ ते १९७९ या काळात अनेक साहाय्यकांसह घडविलेली ‘द डिनर पार्टी’ ही जणू या मातृपरंपरेची मांडलेली पंगतच होय. त्रिकोणी मेजावर ३९ स्त्रियांची पाने, आणि खालच्या फरशीवर आणखी ९९९ नावे. त्या पंगतीत वुल्फबाईंचे पान शेवटून दुसरे आहे. २००७ पासून ही कृती ब्रुकलिन संग्रहालयात कायमची मांडलेली आहे.

पण पंगत म्हटली की कोणाला कोठे बसविले हा प्रश्न आलाच. तो ॲलिस वॉकर यांनी विचारला. ‘इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स’ या १९७४ च्या निबंधात त्यांनी वुल्फबाईंची वाक्ये उद्धृत करताना मध्येच स्वतःचे शब्द घातले आणि विचारले की, फिलिस व्हीटली या कवयित्रीचे काय? १७६१ साली आफ्रिकेतून आणून बॉस्टनमध्ये विकल्या गेलेल्या या मुलीच्या कवितांचे पुस्तक १७७३ साली लंडनमध्ये निघाले. जिच्या मालकीचा स्वतःचा देहही नव्हता, तिने खोलीची गोष्ट कोणाशी बोलावी? वॉकर यांनी आपल्या माता शोधल्या त्या आईने फुलविलेल्या बागेत, आणि एका अनामिक कृष्णवर्णी स्त्रीने चिंध्या जोडून शिवलेल्या, आज संग्रहालयात टांगलेल्या गोधडीत. पुढे १९७९ च्या एका निबंधात त्यांनी शिकागो यांच्या पंगतीवरही बोट ठेवले. तीत पान मिळालेली कृष्णवर्णी स्त्री एकच, सोजर्नर ट्रूथ; आणि इतरांच्या तबकांवर स्त्रीदेहाची प्रतीके असताना तिच्या वाट्यास मात्र चेहरेच आले. या निबंधाचे शीर्षकही वुल्फबाईंच्याच शीर्षकास मुरड घालून केलेले आहे. त्यात खोलीच्या जागी मूल आले आहे. भांडणासाठीही शब्द त्यांच्याच घरचे घ्यावे लागले, याहून प्रभावाची मोठी साक्ष कोणती?

वॉकर यांचा प्रश्न मनात ठेवून मूळ पुस्तक पुन्हा वाचले म्हणजे एक तपशील मराठी वाचकाची नजर खिळवून ठेवतो. निवेदिकेस वर्षाकाठी ५०० पौंड मिळू लागले ते तिच्या आत्याच्या मृत्युपत्रामुळे (इंग्रजीस आत्या-मावशी हा भेद ठाऊक नाही, पण नामसाम्यावरून आत्या म्हणणे बरे). आणि ही आत्या वारली कोठे, तर मुंबईस, हवा खाण्यास घोड्यावरून निघाली असता पडून. वुल्फबाईंना प्रत्यक्षात आपल्या आत्याकडून १९०९ साली २,५०० पौंड मिळाले होते. ती आत्या मुंबईस वारली नव्हती. मग कल्पनेतील आत्यास त्यांनी मुंबईसच का धाडले? त्या स्वतः याचे उत्तर देत नाहीत. पण ज्या पुस्तकात खोली व पैसा यांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडला आहे, त्यात मुंबईचे नाव सहज पडले असेल असे मानावयास मन धजत नाही. इंग्रज स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या जमाखर्चात आमच्या या किनाऱ्याची नोंद एका ओळीपुरती का होईना झाली आहे. त्या ओळीपाशी थांबून, घोड्यास खरारा करणारा मोतद्दार कोण होता आणि त्याच्या बहिणीला खोली होती काय, असे विचारण्याचा अधिकार आता आम्हांस आहे.

हा अधिकार आम्हांस वुल्फबाईंच्या पुस्तकाने आणि ते वाचून त्यांना अडविणाऱ्या वॉकरबाईंनी मिळून दिला. ज्या लेखिकेस इतके नर्तक, गायक, चित्रकार व भांडखोर वाचक लाभले, तिच्या स्मरणार्थ नदीकाठी उसासे टाकण्याची आवश्यकता नाही. तिची पुस्तके काढावीत, आणि आपल्या बाजूचे प्रश्न त्यांच्या समासात लिहावेत.