पाऊस कमी, तरी ट्रक खालून का गंजतो? शिरूर-दौंडच्या जुन्या गाड्यांसाठी सोपी माहिती

पासिंगची तारीख जवळ आली की जुन्या ट्रकला खालून काळा रंग मारायचा, ही पद्धत गॅरेजवाल्यांना नवीन नाही. गाडी नवी दिसते. पण गंज रंगाखाली तसाच राहतो आणि आतून पत्रा खात जातो. पुढे कधीतरी भरल्या गाडीचा क्रॉस मेंबर तुटतो किंवा ब्रेकचा पाईप फुटतो. तेव्हा प्रश्न फक्त गाडीचा राहत नाही, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचाही होतो.

म्हणून हा गंज येतो कुठून, ओळखायचा कसा आणि थांबवायचा कसा, ते नीट समजून घेऊया.

पाऊस कमी, मग गंज कशाने?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, पर्जन्यछायेतले तालुके. मावळ-मुळशीसारखा पाऊस इथे पडत नाही. मोबाईलवर गंजाचे जे व्हिडिओ दिसतात, ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्या खातं. आपल्याकडे तेही नाही.

गंजायला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. त्यात क्षार किंवा आम्ल मिसळलं की वेग वाढतो. इथे या दोन्ही गोष्टी मालातून येतात.

- ऊस: रस गळतो, चासीवर चिकटतो, आंबतो आणि आंबट होतो. त्यावर पाचट आणि धूळ बसली की ओला लेप तयार होतो. मळीचंही तसंच.
- वाळू: ओल्या वाळूचं पाणी हौद्यातून खाली झिरपतं. वाळूचे कण रंग खरवडतात, म्हणजे गंजाला दार उघडतात.
- खत: पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. अमोनियम सल्फेटही लोखंडाला वाईट. सांडलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं.

थोडक्यात, पावसाचं पाणी वाहून जातं. गाडी खातो तो चिकटून राहिलेला ओला थर.

कुठे बघायचं?

चासीच्या लांब पट्ट्यांपासून सुरुवात करा. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसवून रिबेट मारलेले असतात, तिथे मधल्या फटीत पाणी अडकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे तो फुगून पत्रे एकमेकांपासून लांब ढकलतो आणि रिबेटवर ताण येतो. पत्रा फुगलेला दिसला, तर आत गंज साचलाय असं समजा.

त्यानंतर क्रॉस मेंबर, पाट्यांचे ब्रॅकेट, यू-बोल्ट, हौद्याखालचे आडवे चॅनल, डिझेल टाकीचे पट्टे, ब्रेकचे पाईप आणि केबिनची जमीन बघा. हवेच्या टाकीतही पाणी जमतं आणि ती आतून गंजते. म्हणून टाकीचं पाणी रोज सोडायचं.

गंज किती खोल गेलाय?

गाडी धुवून, वाळवून मगच तपासा. लहान हातोडीने हलकं ठोका. चांगलं लोखंड टणटणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं.

- पहिली पायरी: वर लालसर थर, खाली लोखंड शाबूत. हे काम घरच्या घरी होतं.
- दुसरी पायरी: पापुद्रे सुटतात, खड्डे दिसतात. पापुद्रे काढून जाडी मोजा आणि त्याच पट्टीच्या चांगल्या भागाशी ताडून बघा.
- तिसरी पायरी: भोक, चीर किंवा फुगलेला जोड. इथे रंगाचं काम संपतं. गाडी भरायची नाही, आधी जाणकाराला दाखवायची.

दुरुस्ती कशी करायची?

१. गाडी सपाट, टणक जागेवर लावा, चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका, मजबूत स्टँड लावा.

२. प्रेशरने धुवा. बेअरिंग आणि वायरिंगवर थेट धार मारू नका. नंतर पूर्ण वाळू द्या आणि ग्रीसिंग करून घ्या.

३. वायर ब्रश किंवा ग्राइंडरने सुटा गंज काढा. गॉगल आणि मास्क हवाच. पाट्यांवर ग्राइंडर फिरवू नका. त्याच्या चऱ्यांतूनच पुढे पाटा चिरतो.

४. खड्ड्यात उरलेल्या पातळ गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करतं. जाड पापुद्र्यावर मात्र ते चालत नाही.

५. प्रायमरचे दोन हात, त्यावर रंग. शेवटी डांबरी किंवा मेणाचं अंडरबॉडी कोटिंग. बंद पोकळीत मेणाचं बरं, ते फटीत शिरतं. पाणी जाण्याची भोकं मात्र बुजवू नका.

ओल्या किंवा सुट्या गंजावर डांबरी कोटिंग मारलं, तर ओल आत कोंडली जाते. बाहेरून काळं कुळकुळीत आणि आत पोखरणं सुरूच.

वेल्डिंग करून भागेल का?

चासीची पट्टी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी असते. भार पडल्यावर सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या आडव्या कडांवर येतो. तिथे भोक पाडलं किंवा वाटेल तसं वेल्डिंग केलं, तर चीर तिथूनच सुरू होऊ शकते. अशा कामाला कंपनीची पद्धत माहीत असलेलाच कारागीर हवा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायची. डिझेल टाकीला किंवा तिच्या शेजारी ठिणगी नको.

मागच्या चाकांजवळच्या स्प्रिंग ब्रेक चेंबरमध्ये प्रचंड जोराने दाबलेली स्प्रिंग असते. तो गंजलेला दिसला तरी ठोकू नका, उघडू नका. तो बदलणं हे जाणकाराचं काम.

आणि चासी नंबरच्या जागेवर ग्राइंडर नको. नंबर पुसला गेला, तर कागदपत्रांचा मोठा घोळ होतो.

जळकं ऑइल मारलं तर?

बरेच जण मारतात. फुकट मिळतं आणि काही दिवस पाणी अडवतंही. पण त्यावर धूळ बसते, रबरी होज आणि बुश फुगतात, ब्रेक लायनरवर थेंब गेला तर ब्रेक लागत नाही. शिवाय उरलेलं ऑइल मातीत मुरतं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं.

कधी काय करायचं?

- हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च: आठवड्यातून एकदा खालून धुवा. खताची किंवा मळीची खेप झाली, तर त्याच दिवशी.
- एप्रिल-मे: ऊस संपला, गाडी रिकामी, हवा कोरडी. गंजाचं मोठं काम करायची हीच वेळ.
- पावसाळ्यात: गाडी गवतावर, चिखलात किंवा गोठ्याशेजारी उभी करू नका. शेणा-मुताचा अमोनिया आणि ओल, दोन्ही लोखंडाला खातात.
- दिवाळीआधी: पुन्हा एकदा हातोडी घेऊन खाली डोकवा.

पासिंगचं काय?

मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी फिटनेस घ्यावं लागतं, त्यानंतर दर वर्षी. म्हणजे जुनी गाडी वर्षातून एकदा तपासायला जातेच. गाडी आधी धुवा, गंज काढा, फोटो काढून ठेवा आणि मग रंग द्या. पुढच्या वर्षी तेच फोटो समोर ठेवले की गंज थांबला की वाढला, ते लगेच कळतं. जुना ट्रक विकत घेतानाही हेच लक्षात ठेवा: खालून ताजा काळा रंग दिसला, तर सौदा करण्याआधी हातोडी मागा.