गाळलेल्या जागांची वंशावळ

बँकेच्या क्लार्क भरतीच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न असतात आणि त्यासाठी 20 मिनिटं मिळतात. एका प्रश्नाला 40 सेकंद. पॅसेज वाचायचा वेळही त्यातच धरायचा, आणि उत्तर चुकलं तर पाव गुण कापला जातो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, या तीस प्रश्नांची फोड तिथल्या मुलांना तोंडपाठ असते: आरसी (उताऱ्यावरचे प्रश्न), क्लोज टेस्ट, एरर स्पॉटिंग, पॅरा जम्बल, फिलर्स (गाळलेल्या जागा). क्लासवाले त्यांना टॉपिक म्हणतात आणि प्रत्येकाची वेगळी बॅच घेतात. ऐकणाऱ्याला वाटावं, इंग्रजी भाषाच मुळात या पाच तुकड्यांची बनलेली आहे. प्रत्यक्षात हे तुकडे निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या माणसांनी, भलत्याच कामांसाठी घडवलेले आहेत. नोकरीसाठी माणसं निवडायला जन्माला आलेला त्यांत जवळपास कोणीच नाही.

वयाने सर्वांत थोरलं एरर स्पॉटिंग. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी ॲन फिशर नावाची शिक्षिका मुलींची शाळा चालवत होती. 1745 च्या सुमारास तिचं इंग्रजी व्याकरण निघालं. तिने त्यात मुद्दाम चुकीची वाक्यं घातली आणि ती दुरुस्त करायचं काम मुलींवर सोपवलं. लॅटिनच्या वर्गातली ही रीत तिने इंग्रजीच्या वर्गात आणली. पुढे 1762 मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मोपदेशकाने आपल्या व्याकरणाच्या तळटीपांत शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट अशा बड्यांच्या चुका काढल्या. मग 1795 मध्ये लिंडले मरे या अमेरिकेहून यॉर्कला येऊन राहिलेल्या वकिलाचं व्याकरण आलं आणि दोन वर्षांनी त्याच्या जोडीला सरावाचं वेगळं पुस्तक निघालं. त्यात चुकीच्या वाक्यांची भलीमोठी भरताड होती. ‘नो सूनर’ आलं की पुढे ‘दॅन’, ‘वन ऑफ माय’नंतर अनेकवचन, हा आपल्याकडच्या क्लासमधला मंत्रजप त्याच परंपरेतला. फरक इतकाच की फिशरबाईंच्या मुलींना चूक सुधारून लिहावी लागे. आपल्या परीक्षेत वाक्याचे ए, बी, सी, डी असे तुकडे करून चूक कुठल्या तुकड्यात आहे एवढंच विचारतात. ती सुधारता येते का, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. शिवाय ‘नो एरर’ हा पाचवा पर्याय ठेवलेला असतोच, आणि सगळं बरोबर असलेल्या वाक्यातही चूक हुडकत बसणारी हुशार मुलं तिथेच अडकतात.

हे व्याकरण आपल्याकडे पोचवणाऱ्यांत दोन नावं ठळक. जे. सी. नेसफिल्ड वायव्य प्रांत आणि अवधचे शिक्षणसंचालक होते. त्यांची व्याकरणमाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतभर चालली. दुसरं नाव घराघरात गेलेलं: रेन अँड मार्टिन. यातला पी. सी. रेन आपल्या मुंबई इलाख्यातला शिक्षण खात्यातला अधिकारी. नंतर तो कादंबरीकार म्हणून गाजला. फ्रेंच फॉरिन लीजनच्या वाळवंटी शौर्यावरची त्याची ‘बो जेस्ट’ 1924 मध्ये आली आणि तिच्यावर सिनेमेही निघाले. आज ती कादंबरी कोणी फारशी वाचत नाही, पण त्याचं व्याकरण मात्र अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत ढिगाने रचलेलं दिसतं. लेखकाच्या नशिबाची अशी थट्टा क्वचितच होते.

मराठी माणसाची इंग्रजीशी झटापट मात्र वेगळ्या वाटेने झाली. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली, आणि तेव्हापासून कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या भाषांतरातून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग पुरे केले की माणूस इंग्रजी शिकला असं धरलं जाई. मराठी वाक्याचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं मराठी. दोन्ही भाषा एकाच वेळी जागत्या ठेवाव्या लागत. प्रश्नपत्रिकेत उताऱ्याचा सारांश, अर्थविवरण, पत्र, निबंध. हे सगळं हाताने लिहायचं आणि मास्तरांनी तपासायचं. दुसरीकडे, इंग्रजीशिवायही नोकरी मिळे. जिला आपल्या आजोबांची पिढी ‘फायनल’ म्हणायची, ती व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा मराठीतून होती. ती पास झालेली माणसं तलाठी होत, प्राथमिक शिक्षक होत. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये मुंबई सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून टाकलं, तेव्हा आठवीत एबीसीडी गिरवणारी एक अख्खी पिढी तयार झाली. पुढे वारं उलटलं, आणि 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं.

आता गाळलेल्या जागा. 1890 च्या दशकात जर्मन साम्राज्यातल्या ब्रेस्लाऊ शहराच्या कारभाऱ्यांना प्रश्न पडला की सकाळची सलग पाच तासांची शाळा मुलांना थकवते का. त्यांनी हेर्मान एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाला विचारलं. त्याने मुलांपुढे अक्षरं आणि शब्द गाळलेला मजकूर ठेवला आणि ठराविक मिनिटांत तो भरायला लावला. 1897 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले गेले. थकवा मोजायला हे हत्यार फारसं उपयोगी ठरलं नाही. पण वर्गातली वरची आणि खालची मुलं त्याने अचूक वेगळी केली. गाळलेली जागा परीक्षेला येण्याचं खरं कारण हे: थकवा मोजायला गेली आणि मुलांची चाळण होऊन बसली.

आज जिला क्लोज टेस्ट म्हणतात ती तिची धाकटी बहीण. 1953 मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी संशोधकाने मजकुरातला दर पाचवा शब्द गाळून वाचकांकडून तो भरून घेतला. त्याला माणसं मोजायची नव्हती, मजकूर मोजायचा होता. जितके शब्द जास्त जुळतील तितका तो मजकूर वाचायला सोपा, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे तिच्या जन्मदात्याच्या लेखी नापास व्हायचा तो मजकूर. आपल्याकडे तीच रिकामी जागा आली आणि नापास होऊ लागला तो उमेदवार.

उताऱ्यावरच्या प्रश्नांची कथा सगळ्यांत रंजक. अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने पाहिलं की एकाच उत्तराला दोन शिक्षक भलतेच वेगळे गुण देतात. यावर त्याने असा प्रश्न तयार केला ज्यात शिक्षकाला मत देण्याची संधीच नाही. 1914-15 च्या सुमारास त्याची ‘कॅन्सस सायलेंट रीडिंग टेस्ट’ आली. पर्यायी उत्तरांच्या छापील परीक्षांची ही आद्य आई मानली जाते, आणि ती नेमकी मूक वाचनाची परीक्षा होती. तिच्यातला एक प्रश्न प्रसिद्ध आहे: चार जनावरांची नावं, गाय, वाघ, उंदीर, लांडगा, यातला शेतावर उपयोगी प्राणी कुठला, त्याच्याभोवती रेघ ओढा. पूर्ण परीक्षेला पाच मिनिटं. शेतकऱ्याच्या मुलाला गाय ओळखायला मिनिट लागत नाही. पण तो वाचू शकतो का, हे मास्तरांच्या मूडवर न सोडता कळतं. केलीचं हे डोकं खरोखर दाद देण्यासारखं आहे.

दोनच वर्षांनी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लाखो रंगरूट भरती झाले. सैन्याने 17 लाखांवर माणसांची चाचणी घेतली. तिच्यातल्या ‘आर्मी अल्फा’ नावाच्या चाचणीत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द होते, ॲनालॉजी होती, आणि एक भाग विस्कटलेल्या वाक्यांचा होता: शब्द उलटसुलट दिलेले, ते मनात जुळवायचे आणि वाक्य खरं की खोटं ते सांगायचं. आपलं पॅरा जम्बल याच जातकुळीतलं. भरतीशी ज्याचं नातं इतकं जुनं आहे असं या घराण्यात हे एकटंच. पॅरा जम्बल सोडवायची युक्तीही त्या लष्करी घाईला साजेशी आहे. ‘ही’, ‘दिस’, ‘हाउएव्हर’ने सुरू होणारं वाक्य पहिलं असू शकत नाही म्हणून ते बाजूला ठेवायचं, जोडीची दोन वाक्यं पकडायची आणि पर्यायांतून ती जोडी शोधायची. उतारा वाचून समजलाच पाहिजे असं नाही.

ही सगळी मंडळी आपल्या दारात आली ती बँकांच्या मागून. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या, आणि एकेका जागेसाठी अर्जांचा पूर आला. हाताने लिहिलेले निबंध इतक्या संख्येने तपासणार कोण? त्याच सुमाराला मुंबईत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट उभी राहिली. 1975 मध्ये तिच्यात उमेदवार निवडीचा विभाग सुरू झाला, आणि 1984 मध्ये तो आयबीपीएस या नावाने स्वतंत्र झाला. आज अभ्यासिकेतल्या मुलांना आयबीपीएस म्हणजे परीक्षेचंच नाव वाटतं. मुळात ती कांदिवलीतली संस्था. पुढे उत्तरपत्रिकांवरचे गोळे यंत्राने वाचले, मग संगणकच आला. प्रश्नांचा साचा मात्र तोच राहिला. तपासायला सोपा, वादाला जागा नाही, आणि कोर्टात टिकणारा. कोर्टात टिकणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही. वशिल्याच्या संशयापेक्षा गोळे भरणं लाख पटीने बरं.

तक्रार आहे ती यंत्राबद्दल नाही, वजनाबद्दल आहे. यूपीएससीने 2011 मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट ही कल चाचणी आणली आणि 2014 मध्ये तिच्यातल्या इंग्रजीविरुद्ध दिल्लीत मुलं रस्त्यावर उतरली. शेवटी इंग्रजी उताऱ्याचे गुण गुणवत्तेत धरणार नाही असं सरकारला सांगावं लागलं, आणि 2015 पासून तो पेपर 33 टक्क्यांचा पात्रतेचा झाला. आपल्या तलाठी भरतीत मात्र 100 प्रश्नांत 25 इंग्रजीचे आहेत, तितकेच मराठीचे. तलाठी आयुष्यभर सातबारा, फेरफार आणि पंचनामे मराठीतच लिहितो. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषाही मराठीच ठरवलेली आहे. इंग्रजी नको असं कोणी म्हणत नाही, कोर्टाचा आदेश वाचता यायलाच हवा. मग एखादा तसा आदेशच द्या आणि त्यात काय म्हटलंय ते मराठीत लिहायला लावा. तर्खडकरांच्या वेळी हे होत होतं.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना मात्र थांबून चालणार नाही. साचा माहीत करून घ्या, वेळ लावून सराव करा. पण रोज एक बातमी शेवटपर्यंत वाचा; टॉपिकवाइज पीडीएफ हे काम करत नाहीत. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. बँकेच्या क्लार्कच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचे 40 गुण अंतिम यादीत मोजले जातात. गिऱ्हाइकाशी ज्या भाषेत बोलायचं त्या स्थानिक भाषेची फक्त पात्रता चाचणी होते, आणि दहावीला मराठी असल्याची मार्कशीट दाखवली की तीही माफ.