महाराष्ट्रातील गर्भपाताचा प्रश्न

महाराष्ट्रातील गर्भपाताचा प्रश्न हा वैद्यकशास्त्र, कायदा, नीती आणि कुटुंबव्यवस्था या चारही क्षेत्रांशी निगडित असलेला सामाजिक प्रश्न आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ नुसार भारतात ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे. मात्र गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. अमेरिकेसारख्या देशांत हा वाद मुख्यतः गर्भाचा जीवनाधिकार आणि स्त्रीचा निर्णयाधिकार अशा दोन पक्षांत विभागलेला दिसतो. महाराष्ट्रात त्याची वाटचाल निराळी आहे. येथे तो प्रथम विधवांच्या दुःस्थितीतून, पुढे संततिनियमनाच्या चळवळीतून आणि १९८० च्या दशकापासून मुलींच्या घटत्या प्रमाणातून चर्चेला आला. या सर्व टप्प्यांत एक प्रश्न कायम राहिला: निर्णय कोणी घ्यावा आणि त्याचा भार कोणी वाहावा?

शब्दयोजना

मराठीत ‘गर्भपात’ हा शब्द आपोआप होणाऱ्या आणि हेतुपूर्वक केल्या जाणाऱ्या, अशा दोन्ही घटनांसाठी वापरला जातो. बोलीभाषेत पहिलीसाठी ‘मूल पडणे’, तर दुसरीसाठी ‘मूल पाडणे’ असे म्हणतात. एका क्रियापदाच्या फरकाने दुःखाचे रूपांतर दोषात होते. ‘भ्रूणहत्या’ हा संस्कृत शब्द धर्मशास्त्रात महापातकाच्या संदर्भात येतो. त्यावरून रूढ झालेला ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द शासकीय जाहिराती, भित्तिपत्रके आणि शालेय निबंधांतून सर्वपरिचित झाला. मात्र स्त्री-आरोग्य चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांचा या शब्दाला आक्षेप आहे. गर्भपाताला ‘हत्या’ म्हटल्यास कायदेशीर गर्भपात करून घेणारी स्त्रीही गुन्हेगार ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याऐवजी ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द वापरावा, असा त्यांचा आग्रह असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय हिंदू समाजात बालविवाह रूढ होता आणि विधवेच्या पुनर्विवाहास बंदी होती. विधवेला दिवस गेल्यास तिच्यापुढे गुप्त गर्भपात, अर्भकाचा त्याग किंवा आत्महत्या हेच मार्ग उरत. १८६० च्या भारतीय दंड संहितेने स्त्रीचा जीव वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूखेरीज केलेला गर्भपात गुन्हा ठरवला आणि त्यात स्वतः स्त्रीलाही शिक्षेस पात्र धरले.

या पार्श्वभूमीवर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुप्तपणे येऊन सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपूर येथेही लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने अशाच स्वरूपाचा आश्रम स्थापन झाला. या संस्थांनी गर्भपाताचा पुरस्कार केला नाही. मात्र दोष स्त्रीचा नसून तिला कोंडीत पकडणाऱ्या रूढीचा आहे, ही भूमिका त्यांनी कृतीतून मांडली.

१८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीका झाली. तिला उत्तर म्हणून विदर्भातील बुलढाणा येथील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. ज्या दुर्गुणांचे खापर स्त्रीवर फोडले जाते ते पुरुषांत नाहीत काय, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न होता.

विसाव्या शतकात चर्चेचा रोख गर्भधारणाच टाळण्याकडे वळला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांची बाजू मांडली. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी आंबेडकरांच्या प्रेरणेने संततिनियमनाचा ठराव मांडला, परंतु तो नामंजूर झाला.

कायद्याचा विकास

बेकायदा व असुरक्षित गर्भपातांमुळे होणारे मातामृत्यू लक्षात घेऊन केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवर आधारित वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. स्त्रीच्या जिवाला वा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका, बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग आणि विवाहित जोडप्याच्या गर्भनिरोधक साधनाचे अपयश या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा देण्यात आली.

२०२१ च्या दुरुस्तीने पुढील बदल झाले:

• २० आठवड्यांपर्यंत एका, तर २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत आवश्यक. दुसरी तरतूद बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, तसेच गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया अशा ठरावीक गटांसाठी आहे.
• गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानुसार २४ आठवड्यांनंतरही गर्भपात शक्य.
• ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांऐवजी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशी शब्दयोजना.
• स्त्रीची ओळख उघड करणे हा दंडनीय अपराध.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ अविवाहित स्त्रियांनाही मिळेल, असा निर्णय दिला. तथापि भारतीय कायद्यात गर्भपात हा स्त्रीने केवळ मागणी केल्यावर मिळणारा हक्क नाही. तो डॉक्टरांच्या मतावर अवलंबून असलेला दंडकायद्याचा अपवाद आहे.

गर्भलिंगनिवड आणि दोन कायद्यांतील ताण

गर्भजलपरीक्षा व पुढे सोनोग्राफी यांचा वापर लिंगनिदानासाठी होऊ लागल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि लोकविज्ञान कार्यकर्ते यांनी लिंगनिदानविरोधी मंच उभारला. त्याच्या प्रयत्नांमुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये लिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. पुण्याची ‘मासूम’, मुंबईची ‘सेहत’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेनंतर २००३ मध्ये तो अधिक कडक झाला.

२०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण महाराष्ट्रात ८९४, तर बीड जिल्ह्यात ८०७ आढळले. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी येथे आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे उघडकीस आलेल्या प्रकरणांनी राज्य हादरले. म्हैसाळ येथे १९ भ्रूण पुरलेले सापडले. दोन्ही प्रकरणे गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर बाहेर आली, ही बाब बातम्यांच्या गदारोळात मागे पडली.

अशा प्रकरणांनंतर तपासणी मोहिमा तीव्र होतात, आणि त्यांचा फटका कायदेशीर सेवेलाही बसतो. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत वापरण्यास परवानगी आहे, तर सोनोग्राफीने गर्भाचे लिंग बाराव्या आठवड्याच्या सुमारापूर्वी खात्रीने सांगता येत नाही. तरीही चौकशीच्या भीतीने अनेक औषध विक्रेते या गोळ्या ठेवत नाहीत आणि काही डॉक्टर दुसऱ्या तिमाहीतील गर्भपात नाकारतात. एका कायद्याने दिलेली मुभा दुसऱ्या कायद्याच्या धाकाने आक्रसते, हा महाराष्ट्रातील प्रश्नाचा विशेष पेच आहे.

संमतीचा प्रश्न

कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते; पतीची सही आवश्यक नाही. केवळ अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत पालकाची संमती लागते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पतीची सही मागितली जाते.

१९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली, तेव्हा संमतीवाचून दुसऱ्याच्या शरीराविषयी निर्णय घेण्याच्या अधिकारावर राज्यभर वाद झाला. २००९ मध्ये चंदीगड येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य मतिमंदत्व असलेल्या स्त्रीची मूल जन्माला घालण्याची इच्छा मान्य करून तिचा गर्भपात करण्यास नकार दिला. गर्भपात करण्याचा आणि न करण्याचा निर्णय एकाच तत्त्वावर उभा आहे, हे या निर्णयातून स्पष्ट झाले.

उशिरा होणारे निदान

२००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे २० आठवड्यांची मुदत उलटल्यावर समजले होते. न्यायालयाने परवानगी नाकारली; त्यानंतर काही दिवसांतच त्या स्त्रीचा गर्भपात आपोआप झाला. या प्रकरणापासून मुदतवाढीच्या मागणीने जोर धरला.

एप्रिल २०२४ मध्ये मुंबई परिसरातील १४ वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीला सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३० आठवड्यांच्या गर्भाच्या समाप्तीची परवानगी दिली. मुलीच्या प्रकृतीच्या काळजीने पालकांचे मन बदलल्यावर आठवडाभरात न्यायालयाने तो आदेश मागे घेतला. अशा प्रकरणी कोणताही पर्याय निर्दोष नसतो. मात्र विलंब वाढत जातो तसे पर्याय कमी होत जातात.

गोंदिया जिल्हा व पूर्व विदर्भ

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया हा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवरील, बहुतांश ग्रामीण जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण ९५० पेक्षा अधिक होते. त्यामुळे लिंगनिवड हा येथील मुख्य प्रश्न नाही. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव यांसारख्या वनव्याप्त तालुक्यांतील स्त्रीपुढील अडचण अंतराची, खर्चाची आणि गुप्ततेची असते. सर्वांच्या परिचयाच्या गावात आरोग्य केंद्राची पायरी चढणे हेच उघड होणे ठरते. २४ आठवड्यांनंतर न्यायालयात जाण्याची वेळ आल्यास नागपूर खंडपीठ गाठावे लागते. गोंदिया ते नागपूर हे अंतर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे.

पूर्व विदर्भात या प्रश्नाला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची जोड आहे. हा विकार येथील आदिवासी, अनुसूचित जाती व काही इतर मागासवर्गीय समाजांत आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि विकारमुक्त असण्याची २५ टक्के असते. गर्भवेष्टनाच्या नमुन्याची तपासणी करून साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाचे निदान करता येते, परंतु ही सुविधा प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे.

निदान झाले तरी निर्णय सोपा होत नाही. एका रुग्ण अपत्याच्या तीव्र वेदना, वारंवार द्यावे लागणारे रक्त आणि रुग्णालयाच्या फेऱ्या अनुभवलेल्या मातेला दुसऱ्या अपत्याच्या वाट्याला तेच येऊ नये असे वाटते. दुसरीकडे, हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधांमुळे अनेक रुग्ण शिक्षण, नोकरी, संसार करतात. ‘असा गर्भ नको’ हा निर्णय घरातील हयात रुग्णाच्या जगण्याविषयी काय सांगतो, हा प्रश्नही उरतो. विवाहापूर्वी रक्ततपासणी करून दोन वाहकांनी परस्परांशी विवाह टाळावा, असा सल्ला दिला जातो. मात्र वाहक असल्याचे कळताच मुलीचे स्थळ नाकारले जाते, ही त्याची दुसरी बाजू आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीबरोबर समुपदेशनावरही भर आहे.

नैतिक भूमिका

हिंदू धर्मशास्त्रात गर्भपात निषिद्ध मानला आहे. कॅथलिक चर्चचा गर्भपाताला ठाम विरोध आहे. इस्लामी विधिपरंपरेत गर्भाच्या वयानुसार, विशेषतः १२० दिवसांच्या मर्यादेबाबत, मतभेद आहेत. जैन व बौद्ध परंपरांत अहिंसेच्या तत्त्वावरून गर्भपात अयोग्य मानला जातो.

आधुनिक चर्चेत स्त्रीवादी भूमिका शरीरावरील स्वायत्ततेवर भर देते. अपंग हक्क चळवळ व्यंगाच्या आधारे गर्भ नाकारण्याविषयी प्रश्न उपस्थित करते. मुलगी म्हणून गर्भ नाकारणे अन्याय्य असेल, तर अपंगत्वामुळे नाकारणे न्याय्य कसे, असा हा युक्तिवाद आहे. त्यावर दिले जाणारे उत्तर असे की, संगोपनाचा भार समाज उचलत नाही तोवर मातेला दोष देण्याचा त्याला अधिकार पोहोचत नाही.

भावनिक बाजू

गर्भपातानंतरच्या भावना एकसारख्या नसतात. सुटका, दुःख, अपराधीपणा आणि शांतता यांचे मिश्रण आढळते. अमेरिकेतील ‘टर्नअवे’ या दीर्घकालीन अभ्यासात बहुसंख्य स्त्रियांना पाच वर्षांनंतरही आपला निर्णय योग्यच वाटत असल्याचे दिसून आले. भारतातील परिस्थितीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण येथे निर्णय अनेकदा स्त्रीचा एकटीचा नसतो. मुलासाठी दबाव आणून करवलेला गर्भपात आणि स्वेच्छेने केलेला गर्भपात यांचे मनावरील परिणाम भिन्न असतात. हव्याशा गर्भाचा व्यंगामुळे त्याग करणाऱ्या दांपत्याचे दुःख अपत्यशोकाहून वेगळे नसते. परंतु त्यासाठी समाजात ना विधी आहे, ना सांत्वनाची रीत.

साहित्य व रंगभूमी

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात लीला बेणारे या अविवाहित, गर्भवती शिक्षिकेवर खेळातल्या खटल्यात भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. अखेर तेच न्यायालय तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा निवाडा देते. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये, म्हणजे गर्भपात कायदा संमत झाला त्याच वर्षी, या नाटकावर चित्रपट केला.

हेही पाहा

• बालहत्या प्रतिबंधक गृह
• ताराबाई शिंदे
• रघुनाथ धोंडो कर्वे
• सिकलसेल
• गोंदिया जिल्हा