जुळवून घेणे : बंगळूरची साक्ष

'परमुलखात जुळवून घ्यावे लागते' हे वाक्य आम्हां प्रवासी मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते, आणि बहुधा सुस्काऱ्यासह. जुळवून घेणे म्हणजे आपले काही सोडणे, असे आम्ही गृहीत धरतो. 'अनुकूल' हा शब्द मात्र वेगळे सुचवितो. कूल म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून वाहते ते अनुकूल. काठ धरला म्हणून प्रवाह आपले पाणी गमावीत नाही.

या अर्थाची साक्ष आमच्या बंगळूरच्याच इतिहासात आहे. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे नगर केंपेगौडांकडून जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. राजांच्या आश्रयास आलेल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचिला. त्यात संस्कृत व मराठीच्या जोडीने कन्नडसह अनेक भाषांतील पद्ये आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो ग्रंथ संपादून प्रकाशात आणिला. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी 1669 मध्ये येथील मल्लिकार्जुनास एक गाव इनाम दिले. तेच आजच्या मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर.

पुढे व्यंकोजींनी तंजावरास राज्य स्थापिले आणि बंगळूर म्हैसूरच्या वडियारांकडे गेले. तमिळ मुलखात राहिलेल्या या घराण्यातील शाहराजांनी पाच भाषांचे 'पंचभाषाविलास' हे नाटक लिहिले. तेलुगू काव्याला उदार आश्रय देणाऱ्या याच घराण्याने 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर आपला इतिहास मराठीत कोरविला. तंजावरी मराठी आजही काही घरांतून बोलली जाते; तिच्यात तमिळची छटा आहे, पण ती मराठीच आहे.

देवघेव एकेरी नव्हती. अण्णा, अक्का, तूप हे आमच्या घरातले शब्द कन्नडशी नाते सांगतात. घरी मराठी बोलणारे धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, 1973 च्या ज्ञानपीठाचे मानकरी ठरले, आणि मराठीतही लिहीत राहिले.

आज आमच्यापैकी कित्येकांच्या मनात एक भय आहे : मुले कन्नड व इंग्रजीत रमली, तर मराठी उरेल काय? वरील इतिहास सांगतो, की दुसरी भाषा आत्मसात केल्याने आपली भाषा जात नाही. ती जाते घरात तिचा उच्चार थांबल्याने. सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्ही दोन्ही गोष्टी कराव्यात : शेजाऱ्याशी कन्नडमध्ये मनमोकळे बोलावे आणि रात्री पानावर बसताना मुलांशी मराठीत. जुळवून घेण्याचा आम्हांस दिसणारा अर्थ एवढाच आहे.