रामलिंगची दरी आणि जिल्ह्याचं गाव टाळून गेलेली गाडी

परवाच्या रविवारी सगळी वरात घेऊन रामलिंगला गेलो. सगळी म्हणजे आई-बाबा, बायको आणि 'अजून किती लांब?' हे दर पाच मिनिटांनी विचारणारी आमची कन्या. धाराशिवहून वीसेक किलोमीटरवर येडशी, आणि त्याला लागून हे जंगल. ट्रेक वगैरे म्हणावं असं काही नाही. पायऱ्या उतरायच्या, माकडांपासून पिशवी सांभाळायची, की थेट दरीच्या तळाशी देऊळ. पावसाळ्यात शेजारी धबधबा. सीतेला सोडवताना जटायू इथे पडला आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी कथा आहे.

पाण्याची खरी गोष्टही काही कमी नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. वर कठीण काळा पाषाण, खाली कुठेतरी मऊ मांजऱ्या. पाणी मऊ थर पोखरतं, वरचा आधार जातो, कडा तुटतो आणि धबधबा एकेक पाऊल मागे सरकतो. बालाघाटाच्या पठाराची कड अशी जागोजागी कुरतडलेली आहे. हे 22 चौरस किलोमीटरचं रान 1997 मध्ये अभयारण्य झालं.

पण मला इथे येऊन दरवेळी आठवते ती रेल्वे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. त्याचं डोकं साधं होतं: प्रत्येक चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे रूळ हलके, पूल हलके, वळणं आखूड आणि खर्च कमी. (हेच गणित त्याने नंतर इंग्लंडमध्ये लीक-मॅनिफोल्ड लाइनवरही वापरलं. पुढे गडी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला!) अशी गाडी घाट चढू शकते. पांगरी सोडली की ती बालाघाट चढून येडशीला यायची, आणि 1911 मध्ये लातूरला पोचली.

गंमत बघा, पांगरी तेव्हा इंग्रजांच्या बार्शी तालुक्यात आणि येडशी निजामाच्या राज्यात. म्हणजे गाडी घाट चढता चढता राज्यही बदलायची. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत ही सीमा खरीखुरी होती, आणि रझाकारांच्या काळात तर ती ओलांडणं हा जिवाचा प्रश्न होता.

मात्र येडशीहून ही गाडी सरळ कळंब रोड, ढोकीकडे निघून गेली. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, जिल्ह्याचं ठिकाण असूनही बाजूलाच राहिलं. कंपनीला माल हवा होता. बार्शीची कापसाची पेठ आणि लातूरचा बाजार जोडला की काम झालं. कचेरीच्या गावासाठी दक्षिणेला वळसा कोण घालणार? खाजगी कंपनीचा हिशोब म्हणून मला तो पटतोसुद्धा. पण 1954 मध्ये लाइन सरकारची झाली, तरी पुढची पन्नास वर्षं कुणी तो हिशोब पुन्हा मांडला नाही, हे मात्र पटत नाही. आपल्याकडे जुन्या कोडला हात लावायला सगळे घाबरतात, तसंच काहीसं.

शेवटी ब्रॉडगेज करताना मार्गच बदलला आणि 2007-08 मध्ये गाडी गावात आली. लातूरनंतर जवळपास शंभर वर्षांनी.

पायरीवर टेकून बाबांना हे सगळं सांगत होतो. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? पुण्याला कॉलेजात होतो तेव्हा ट्रंक एस.टी.च्या टपावर टाकून आधी येडशी नाहीतर सोलापूर गाठायचो."

स्वतःच्या गावातून ते पहिल्यांदा गाडीत बसले, तेव्हा रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती. ते तिकीट अजून त्यांच्या पाकिटात आहे.