नोंदवहीत टिटवी कोण लिहील?

नारायणगडाच्या पंचक्रोशीतून आज आम्ही आपल्या नदीकाठाचा थोडा इतिहास सांगणार आहोत.

माघ सरला की सिंदफणेचं पाणी आटू लागतं, पात्र उघडं पडतं. आपल्याला वाटतं, नदी संपली. टिटवीचा संसार मात्र तेव्हाच मांडला जातो. ती झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच ठिपक्यांची. मोठ्या नद्यांच्या वाळूत नदीसुरय नावाचा पक्षी नुसता खळगा करून अंडी घालतो. तिथली वाळू उपसली, काठ पेटवला, की पिलांचा पाळणाच गेला.

अशा जिवांसाठी देशात 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1976 मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. त्या पाण्याखाली गावं गेली, लोकांचे संसार उठले. पुढे त्याच उथळ पाण्यावर परदेशी बदकं आणि रोहित पक्षी उतरू लागले. 1986 मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं. थंडीत आलेले हे पाहुणे ऊन तापू लागलं की परततात. याच धरणाचा उजवा कालवा गेवराईकडून येऊन माजलगावला सिंदफणेवरच्या धरणात पाणी सोडतो. म्हणजे त्या पाण्याशी आपलंही नातं आहे. 1994 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, मोरांसाठी नायगाव मयूर अभयारण्य जाहीर झालं.

पण अभयारण्याला हद्द असते. टिटवी हद्द बघून अंडी घालत नाही. आपल्या शेताचा बांध, ओढा, नदीचा काठ हे सगळं हद्दीबाहेरच राहतं. मग तिथलं राखायचं कुणी?

2002 च्या जैवविविधता कायद्यानं ते काम गावाकडे दिलं. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि गावातल्या झाडापाखरांची, वनस्पतींची लोकांना असलेली माहिती एका नोंदवहीत लिहावी, असं ठरलं. 2004 च्या नियमांत तर समितीच्या सहा सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात, असं स्पष्ट लिहिलं गेलं.

हे उगाच नाही. टिटवी कुठे ओरडते, मोर पाण्याला कुठून उतरतो, कोणता डोह चैतापर्यंत टिकतो, हे गवत कापणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बाईला ठाऊक असतं. पण तिला विचारलंच नाही, तर ते वहीत येणार कसं? आणि जे वहीत नाही, ते वाळूच्या गाड्या आल्यावर दाखवणार कसं?

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढं करा. ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही बघायला मागा. समितीत कोणत्या बायकांची नावं आहेत, त्यांना बैठकीला बोलावतात का, ते विचारा. आणि बांध पेटवण्याआधी एक चक्कर मारा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर समजा, अंडी जवळच आहेत. तिथे काडी ओढू नका.