पालमची जुनी विमाने

दिल्लीस जाणारा आपला माणूस काय पाहून येतो? जामा मशीद, लाल किल्ला, कुतुबमिनार, हजरत निजामुद्दीन औलियांचा दर्गा, आणि वेळ उरलाच तर चांदनी चौकातील खरेदी. हे सारे पाहावेच. परंतु वाचकहो, मुलांना बरोबर नेणार असाल तर अर्धा दिवस पालमसाठी राखून ठेवा. तेथे विमानतळाच्या शेजारी भारतीय हवाई दलाचे संग्रहालय आहे. 1967 साली ते स्थापन झाले. काही विमाने छपराखाली आहेत, काही उघड्यावर. मुले थेट लढाऊ विमानांकडे धावतील. त्यांना धावू द्या. तुम्ही मात्र सर्वांत जुन्या विमानापासून आरंभ करा.

विमानविद्येचा विषय निघाला की आपल्या व्यासपीठांवरून अब्बास इब्ने फिरनास यांचे नाव हमखास घेतले जाते. नवव्या शतकात अंदलुसमधील कुर्तुबा येथे त्यांनी पंख लावून उड्डाण केले असे सांगतात. अभिमान वाटावा असेच ते नाव आहे. मात्र त्या उड्डाणाची जी हकीकत आपण सांगतो ती मक्करी या इतिहासकाराने सतराव्या शतकात, म्हणजे सातशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. शेपटी नसल्यामुळे उतरताना त्यांना इजा झाली, असेही त्यात म्हटले आहे. भाषणांतून नेमके हेच वाक्य गाळले जाते. मला तर त्या हकीकतीत तेच सर्वांत मोलाचे वाटते.

असो. पालमचे सर्वांत जुने विमान म्हणजे वेस्टलँड वापिती. एकावर एक असे दोन पंख, वर उघडी बैठक. या जातीचे सबंध विमान आज जगात दुसरीकडे कोठेही उरलेले नाही. 8 ऑक्टोबर 1932 रोजी हवाई दलाची स्थापना झाली आणि 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली तुकडी उभी राहिली. तिच्यापाशी अशी चार विमाने होती. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकून आलेले पाच हिंदी वैमानिक होते. त्यांत सुब्रोतो मुखर्जी होते, जे 1954 साली दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि ऐजाद बक्श अवान होते. पाचांपैकी भूपिंदर सिंग व अमरजित सिंग 1933 सालीच विमान अपघातात गेले.

वैमानिकांची नावे पुस्तकांतून सापडतात. त्यांच्या बरोबरीने 19 ‘हवाई सिपाही’ होते, म्हणजे विमान दुरुस्त करून उडण्याजोगे ठेवणारे लोक; त्यांच्याकडे इतिहास सहसा वळत नाही. यांपैकी एकाची कथा आवर्जून सांगतो. हरजिंदर सिंग हे लाहोरच्या मॅक्लॅगन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. तरीही ते सिपाही म्हणून भरती झाले आणि हातात पाना घेतला. पुढे हेच गृहस्थ एअर व्हाइस मार्शल झाले व दलाच्या देखभाल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडे मुलगा आयटीआयला गेला हे सांगताना बापाचा आवाज अजूनही खाली येतो, म्हणून ही कथा.

आता चार इंजिनांच्या प्रचंड लिबरेटरपाशी या. याच्या पंखांचा विस्तार 110 फूट आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ही अमेरिकन बनावटीची बॉम्बफेकी विमाने कानपूरला पडून होती. ती पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून ब्रिटिश हवाई दलाने त्यांची मोडतोड केली. इंजिनांत वाळूसुद्धा ओतली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बफेकी विमानांची निकड होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने हे भंगार हाती घेतले. कानपूरला जुजबी दुरुस्ती करावयाची आणि विमान उडवत बंगलोरला न्यावयाचे, असा क्रम ठरला. हे जिवावरचे काम कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. अशी चाळीसच्या वर विमाने पुन्हा उभी राहिली आणि 1968 पर्यंत दलात राहिली. त्यांतलेच एक पुढे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट म्हणून गेले. ज्यांनी मोडले त्यांच्याच घरी ते सजून गेले!

या संग्रहालयात टेम्पेस्ट नावाचे विमानही आहे. त्या जातीच्या विमानांच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व हैदराबादच्या इद्रीस हसन लतीफ यांनी केले होते. फाळणीच्या वेळी त्यांचे सहकारी असगर खान व नूर खान पाकिस्तानात गेले व तेथील हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ येथेच राहिले आणि 1978 ते 1981 या काळात आपल्या हवाई दलाचे प्रमुख होते. पुढे 1982 ते 1985 ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. 2018 साली त्यांचे निधन झाले.

आपण म्हणाल, निवृत्त झालेली विमाने पाहून मुलांना काय मिळणार? याचे उत्तर पालमला नाही, मद्रासला आहे. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात 1950 च्या दशकात दोन बाद विमाने विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी ठेवलेली होती. रामेश्वरमच्या एका नावाड्याचा मुलगा, इतर मुले वसतिगृहात परतल्यावरही, त्या विमानांपाशी बसून राही. त्यांच्याच ओढीने त्याने विमानविद्येची शाखा निवडली. हा मुलगा म्हणजे ए. पी. जे. अब्दुल कलाम. परंतु तो त्या आवारात पोहोचला कसा? प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये हवे होते आणि वडिलांपाशी ते नव्हते. तेव्हा त्यांची बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. स्वतःच्या कमाईतून त्या सोडवून आणीन, असा निश्चय भावाने केला.

पुढे हवाई दलात वैमानिक होण्यासाठी ते देहरादूनला निवड मंडळापुढे गेले. पंचवीस उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला. जागा आठच होत्या. मग ते शास्त्रज्ञ म्हणून संरक्षण खात्यात गेले, आणि त्यांचे पुढचे आयुष्य सर्वांस ठाऊक आहे. 8 जून 2006 रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-30 हे लढाऊ विमान उडाले. त्यात वैमानिकासोबत राष्ट्रपती कलाम बसले होते. त्यांचे वय तेव्हा 74 वर्षांचे होते.